मोरीची फरशी

मंजुळाबाईंच्या आयुष्यातल्या शेवटच्या साध्या दिवशी त्यांची थोरली लेक शिवकन्या बीडमधल्या एका कॉलेजच्या सभागृहात ‘स्त्रियांवरील हिंसाचार : कारणे आणि उपाय’ या विषयावर बोलत होती. महिला दिन होऊन तीन आठवडे लोटले होते. पण कॉलेजनं पंधरवडा धरला की तो महिना संपेपर्यंत सुटत नाही.

हे व्याख्यान तिचं ठरलेलं होतं. फळ्याच्या एका बाजूला कारणं, दुसऱ्या बाजूला उपाय. वर्षागणिक कारणांची बाजू भरत गेली होती आणि उपायांची तेवढीच राहिली होती, त्यामुळे अलीकडे ती कारणं बारीक अक्षरात लिहायची. मागच्या रांगेतली मुलं हजेरीसाठी बसलेली होती. प्राचार्य अध्यक्षस्थानी होते आणि स्त्री ही शक्ती आहे एवढं बोलून डोळे मिटून बसले होते. शेवटी एका मुलीनं उभं राहून विचारलं, “मॅडम, मारणारं घरातलंच माणूस आसंल तर कुणाला सांगायचं?”

शिवकन्येनं तिला हेल्पलाइनचा नंबर सांगितला, संरक्षण अधिकाऱ्याचं कार्यालय कुठे आहे ते सांगितलं, कायद्याचं नाव सालासकट सांगितलं. मुलीनं ते सगळं तळहातावर लिहून घेतलं. उत्तर बरोबर होतं. शिवकन्येची उत्तरं नेहमीच बरोबर असत.

संध्याकाळी तिनं गावी, युसूफ वडगावला, आईला फोन लावला.

“जेवलीस का?” आईनं विचारलं.

“अगं, आत्ता कुठं सात वाजलेत.”

“मग काय झालं. बोलून बोलून भूक लागत न्हाई का? कशावर बोललीस आज?”

“नेहमीचंच.”

“आसू दे. बोलावं बाई कुणीतरी.” मंजुळाबाईंनी कढईत उलथनं फिरवलं. “तुझे आप्पा आलेत सकाळी उसाच्या फडावरनं. कारखाना बंद झाला, हंगाम उरकला.”

“बरे आहेत ना?”

“त्यांना काय धाड भरलीय. मीच मोरीत घसरले जरा. दंडाला लागलंय.”

“चपला घालत जा ना आई.”

“घातलत्या की.”

इथून पुढे काय विचारायचं नाही आणि कुठून पुन्हा सुरू करायचं, हे माय-लेकींना सवयीनं माहीत होतं.

“राजू कशी आहे?” शिवकन्येनं विचारलं.

“तिला ताप हाय म्हणून सांगितलंय आप्पाला.”

“आहे का?”

“कशाचा आलाय ताप. चांगल्या दोन भाकरी खाल्ल्या दुपारी.” मंजुळाबाई हसल्या. “पर ताप हाय तवर कुणी धाडत न्हाई. ठेव आता, भाजी लागायलीय.”

राजनंदिनी, घरातलं शेंडेफळ, दिवाळीत डावा हात प्लास्टरमध्ये घेऊन नांदूरघाटहून माहेरी आली होती आणि तेव्हापासून तिला ताप होता. सासरहून कुणी न्यायला आलं की मंजुळाबाई दारातच सांगायच्या, पोरगी फणफणलीय. हिवाळाभर तो ताप कुठल्याही गोळीला दाद देत नव्हता. डॉक्टर बोलावण्याइतका तो कधी वाढत नव्हता आणि प्रवास करण्याइतका कधी उतरत नव्हता. मंजुळाबाईंनी हिंसाचाराच्या उपायांवर एकही व्याख्यान ऐकलेलं नव्हतं. त्यांच्याकडे एवढा एकच उपाय होता आणि तो पाच महिने चालला.

घसरणं मात्र त्यांचं जुनं दुखणं. त्यावर घरात इलाज काही कमी झाले नव्हते. मोरीतली गुळगुळीत शहाबादी फरशी मधल्या लेकानं, अभिमन्यूनं, उखडून काढली आणि खरबरीत बसवली. तरी आई घसरली. मग तो लातूरहून रबरी चटई घेऊन आला. तरी घसरली. मग भिंतीला स्टीलचा दांडा लागला, मग वर जास्तीचा दिवा. सगळ्या केज तालुक्यात इतकी भरवशाची मोरी दुसरी नसेल. आलेल्या पाहुण्यांना अभिमन्यू ती कौतुकानं दाखवायचा आणि पाहुणेही चप्पल काढून फरशीवर पाय घासून बघायचे. तिथं कुणी घसरत नसे. फक्त मंजुळाबाई.

त्या रात्री झोपेतच त्या गेल्या. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं. शिवकन्येला त्यात शंका घ्यावीशी वाटली नाही. त्या हृदयाला विकार व्हायला पुरेसा वाव मिळालेला होता.

*

नवऱ्याच्या आधी गेल्यानं मंजुळाबाई एका रात्रीत भाग्यवान ठरल्या. आप्पांची बहीण साखराबाई, म्हणजे पोरांची साखराआत्या, हिनं त्यांना न्हाऊ घातलं, हिरवी साडी नेसवली, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला आणि मळवट भरला. दंडावरचा निळा डाग हळदीखाली नीट झाकला गेला. गावातल्या सवाष्णी रांगेनं पाया पडल्या.

“नशीब काढलं वैनीनं,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “कुंकवासंगं गेली. आसं मरण मागून मिळत न्हाई.”

कुंकवाचे धनी बाजूलाच खुर्चीवर बसले होते आणि लोक त्यांचंही सांत्वन जरा अभिनंदनाच्या सुरातच करत होते.

दहाव्याला सगळे नदीवर गेले. नदीत पाणी नावालाच होतं. अभिमन्यूनं डोकं भादरून घेतलं, गुरुजींनी भाताचा पिंड मांडला आणि सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहिले. कावळे समोरच्या बाभळीवर होते. पाच-सहा असावेत. येत एकही नव्हता.

“मागं सरा जरा,” गुरुजी म्हणाले. कुणी सरलं नाही. प्रत्येकाला जवळून बघायचं होतं.

“इच्छा राहिली असंल काहीतरी,” भागवतमामा म्हणाला. तो मंजुळाबाईंचा धाकटा भाऊ. दुखवट्याचे कपडे घेऊन तो सकाळीच आला होता. “बोला, कुणीतरी सबूद द्या.”

अभिमन्यू पुढे झाला. “आई, तुझ्या नावानं मारुतीच्या देवळाला फरशी बसवतो.” फरशीपलीकडे त्याची कल्पनाशक्ती जात नसे. कावळा हलला नाही.

मामानं हात जोडले. “आक्का, पोरांकडं मी ध्यान देतो.” कावळ्यानं पंख झाडले आणि पुन्हा मिटून घेतले. मामाला तो ओळखत असावा.

मग आप्पा, म्हणजे ऊसतोडीचे त्रिंबक मुकादम, स्वतः पुढे झाले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, अडुसष्टीतही ताठ मान. “मंजुळा,” ते भरल्या आवाजात म्हणाले, “मी आता दुसरं लगीन करणार न्हाई. निश्चिंत ऱ्हा.”

एवढ्या मोठ्या त्यागानं लोक गहिवरले. कावळा गहिवरला नाही.

शेवटी साखराआत्या पदर सावरत ओरडली, “वैनी, राजनंदिनीचा घोर लागलाय न्हवं तुला? तिला नांदायला धाडतो बग, आजच धाडतो.”

हे ऐकून सगळ्यांनी एकदम मागे वळून राजनंदिनीकडे बघितलं. ती सगळ्यांच्या मागे एकटीच एका दगडावर बसली होती. पिंडाकडे सगळ्यांची पाठ झाली आणि त्या क्षणी कावळा खाली आला, भातात चोच घातली आणि उडून गेला.

“शिवला!” कुणीतरी म्हणालं.

वळून न बघणारी एकटी शिवकन्या होती, म्हणून तिनं तो येताना पाहिला. माणसं नजर वळवतात तेव्हा कावळा येतो, हे तिला कळलं. पण तोपर्यंत आप्पांनी टोपी काढून पिंडाला हात जोडले होते आणि मंजुळाबाईंची शेवटची इच्छा ठरून गेली होती. जिवंतपणी त्यांची इच्छा विचारायला इतकी माणसं कधी एका जागी जमली नव्हती.

*

घरी आल्यावर मांडवात खुर्च्या मांडल्या गेल्या, चहा फिरला. राजूच्या सासरची, नांदूरघाटची मंडळी दहाव्याला आली होतीच. जावई अजिनाथ गाडीजवळ उभा राहून मोबाइल बघत होता. बोलायला त्याचे चुलते बद्रीनाथ होते. मऊ बोलणारा, हसतमुख माणूस. गाडीत मागची एक जागा त्यांनी येतानाच रिकामी ठेवली होती.

“आमचं काय म्हणणं न्हाई, मुकादम,” बद्रीनाथ म्हणाले. “तुमी सांगाल तवा नेऊ. पर आता कावळ्यानंच सांगितल्यावर आमी तरी किती थांबावं?”

“आजच न्या,” आप्पा म्हणाले. “माझ्या मंजुळाचा सबूद हाय तो.”

त्रिंबक मुकादमांचा ह्या कामात हातखंडा होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको पळून गेली की कोयता मोडतो आणि मोडलेला कोयता कारखान्याच्या काही कामाचा नसतो. म्हणून मार खाऊन पळालेल्या बायांना परत फडात आणून नवऱ्याशेजारी उभं करणं हे मुकादमाचंच काम. आप्पांनी उभ्या आयुष्यात किती कोयते जोडून दिले होते, ह्याची गावात वाखाणणी होत असे. ते कधी ओरडत नसत. बाईला आधी चहा पाजायचा, नवऱ्याला चार लोकांत दोन शिव्या द्यायच्या, त्याला मान खाली घालायला लावायची आणि अंधार पडायच्या आत दोघांना एका कोपीत, पाचटाच्या खोपटात, पाठवायचं. कोपीत पुढे काय होतं, हे मुकादमाच्या कामात येत नाही.

“अजिनाथ, हिकडं ये बे,” आप्पांनी हाक मारली. तो आला. “लाज वाटती का न्हाई तुला? बायकोला संभाळता येत न्हाई?”

अजिनाथनं मान खाली घातली. मोबाइल त्याच्या हातात अजून चालूच होता.

“झालं,” आप्पा म्हणाले. “राजू, चहा घेतलास का बाळा?”

राजनंदिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा डावा हात कोपरातून पूर्ण सरळ होत नसे. “घेतला,” ती म्हणाली. आणि मग, कुणाकडेच न बघता, “मला जायचं न्हाई, आप्पा.”

“आगं, मी धाडतोय का तुला? तुझी आई धाडायलीय.”

“पोरीची जात घाबरती पहिल्यांदा,” आत्या म्हणाली. “आमची मंजुळावैनी न्हाई का, लगीन झाल्यावर पळून गेलती माहेराला. भागवतनंच आणून सोडली न्हवं? मग कशी नांदली! सोन्यासारखी नांदली.”

भागवतमामा चहाच्या कपात बघत राहिला. कपात बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

शिवकन्या उठली. आईचा उपाय तिला ठाऊक होता. “तिला ताप आहे,” ती म्हणाली. “मी बीडला घेऊन जाते. चार दिवस दवाखान्यात दाखवते, मग बघू.”

साखराआत्या लगबगीनं उठली आणि राजनंदिनीच्या कपाळावर पालथा हात ठेवला. “कुठं हाय ताप? गारढोण हाय पोरगी.”

मांडवात थोडं हसू पसरलं. तापाचा हंगामही उरकला होता.

“ताई शिकलेल्या हायत, त्यांना काळजी वाटणारच,” बद्रीनाथ समजुतीनं म्हणाले. “शिवाताई, मी तुमाला खरं सांगू का? झालं ते वाईटच झालं. पोरगी जिन्यावरून पडली, हात मोडला. आमच्या जिन्याला आधार न्हवता, ती चूक आमची. कबूल हाय. मग आमी काय केलं?” त्यांनी खिशातून फोन काढला. “कठडा बसवून घेतला. हे बघा. वरपासून खालपर्यंत. आता पडणार कशी?”

फोन हातोहात फिरला. चकचकीत स्टीलचा कठडा होता, मधे मधे कमळं काढलेली. लोकांनी माना डोलावल्या. चूक कबूल करून खर्चात पडणारी माणसं आजकाल कुठं सापडतात.

“पाईप जाड दिसतोय,” अभिमन्यू मनापासून म्हणाला. “चांगलं काम केलंय. आमी पण आईसाठी मोरीत आसाच दांडा बसवला होता.”

“बघा,” बद्रीनाथ म्हणाले. “घरोघरी काळजी घेणारी माणसं हायत.”

फोन शिवकन्येच्या हातात आला. तिनं फोटो बोटांनी मोठा करून बघितला. कठड्याच्या पलीकडे, जिन्याच्या खालच्या पायरीवर, कुणाची कोण जाणे, एक लहान मुलगी बसलेली होती आणि फोटो काढणाऱ्याकडे बघत होती. शिवकन्येला तळहातावर नंबर लिहून घेणारी मुलगी आठवली. तो नंबर त्याच संध्याकाळी धुतला गेला असणार.

“अभी,” ती म्हणाली, “आपण तो दांडा बसवल्यावर आईचं घसरणं थांबलं का रे?”

“थांबलं न्हाई. पर कमी झालतं.”

“कमी म्हणजे?”

“हिवाळ्यात तर कधीच न्हाई.” आपल्या विषयावर कुणी विचारतंय म्हणून अभिमन्यूला बरं वाटलं. “दिवाळी झाली की बंदच. उन्हाळ्यात, पावसाळ्यात मातर घसरायची. पावसाळ्यात शेवाळं धरतं न, ताई. म्हणून तर चटई आणली.”

“आणि आत्ता? उन्हाळ्यात कुठून आलं शेवाळं?”

नव्यानं भादरलेल्या डोक्यावरून अभिमन्यूचा हात फिरला आणि तिथंच थांबला.

“हिवाळ्यात आप्पा कुठं असतात, अभी?”

“फडावर,” तो म्हणाला. ते त्याच्या तोंडून इतक्या हळू निघालं की राजनंदिनीनं त्याच्याकडे मान वळवून बघितलं.

बद्रीनाथांनी फोनसाठी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला. साखराआत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. ह्या घरातला प्रत्येक माणूस आता कुठंतरी दुसरीकडे बघत होता आणि शिवकन्येला वाटलं, आत्ता इथं कावळा आला असता.

“शिवकन्या,” आप्पा म्हणाले. आवाज मऊच होता, कोयते जोडताना असायचा तसा. “आत जाऊन पाव्हण्यांच्या जेवणाचं बघ.”

एकेचाळीस वर्षांत ह्या वाक्यानंतर ती प्रत्येक वेळी आत गेली होती. आतही तिला पुस्तकं भेटली, शिक्षण भेटलं, ज्या गोष्टीला घरात घसरणं म्हणतात तिला कायद्यात काय म्हणतात तेही भेटलं. ते सगळं ती सभागृहांत बोलली होती, अनोळखी लोकांसमोर, माइक हातात घेऊन. इथं माइक नव्हता आणि अनोळखी कुणी नव्हतं.

ती आत गेली नाही. तिनं बद्रीनाथांचा फोन त्यांच्या मांडीवर ठेवला आणि राजनंदिनीच्या शेजारी चौकटीत जाऊन उभी राहिली.

“आई मोरीत कधीच घसरली नाही, आप्पा,” ती म्हणाली. “तुम्ही मारत होता तिला. मामाला माहीत होतं, आत्याला माहीत होतं, अभीला माहीत होतं, मला माहीत होतं. आणि आपण सगळे मिळून फरशी बदलत राहिलो.”

आप्पा उठू लागले. खुर्चीचा हात त्यांना पटकन सापडेना. अभिमन्यू त्यांना आधार द्यायला उठला नाही.

“काका,” ती बद्रीनाथांकडे वळली. आवाज चढला नव्हता. “ही जिन्यावरून पडली नाही. हिचा हात तुमच्या अजिनाथनं मोडलाय. कठडा तुमच्याकडे राहू द्या. हिला ताप नाही. हिला कसलाही आजार नाही, ही चांगली धडधाकट आहे, आणि ही येणार नाही.”